बुधवारचा डबा

"हे काय, बाबा? पाच महिने उलटून गेलेत या डब्याला!"

मुलगी स्टुलावर उभी होती. एका हातात मक्याच्या दाण्यांचा डबा, दुसऱ्या हातात कचऱ्याची काळी पिशवी आणि केसांत कपाटामागची जळमटं. तिने डबा उलटसुलट करून तारीख पुन्हा एकदा वाचली आणि तो सरळ पिशवीत टाकला.

टकटके स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिच्या ओठांकडे बघत होते. डबा तळाशी आपटला त्याचा आवाज त्यांना आला नाही, पिशवी खाली ओढली गेलेली तेवढी दिसली. ते पुढे झाले, वाकले, कोपरापर्यंत हात पिशवीत घालून त्यांनी डबा बाहेर काढला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि टेबलावर ठेवला.

"हा टाकायचा नाही."

"अहो, पण तारीख गेलीय त्याची."

"तारीख कागदावर असते. आत काय आहे ते कागदाला काय माहीत?"

"झालं! गोदाम सुटलं, पण गोदामातलं बोलणं काही सुटत नाही," मुलगी पुटपुटली. कपाटाकडे तोंड वळवून पुटपुटली, त्यामुळे ते टकटक्यांपर्यंत पोचलंच नाही.

टकटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. डबाबंद मालाच्या एका मोठ्या गोदामात ते बत्तीस वर्षं डबे वाजवत होते. वाजवणं म्हणजे अक्षरशः वाजवणं. वीतभर लांबीची, टोकाला लोखंडी गोळी बसवलेली काठी घ्यायची आणि रांगेतल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक टोला द्यायचा. डबा चांगला असेल तर खणखणीत बोलतो. आत हवा शिरली असेल, माल बिघडायला लागला असेल, तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. तपासणीची यंत्रं होती, शिकलेली माणसं होती, पण तारीख उलटत आलेला माल पुढे पाठवायचा की फेकायचा असा पेच पडला की मोठे साहेबसुद्धा म्हणत, "टकटक्यांना बोलवा." दिवसभर टकटक, म्हणून टकटके. हजेरीच्या वहीत वेगळं नाव होतं, ते हजेरी घेणाऱ्यालाही आठवत नसावं.

माणूस नाकासमोर चालणारा. ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात लपवण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि ती मात्र त्यांनी अशी लपवली की जगाला ताकास तूर लागू दिली नाही. नोकरीची आठेक वर्षं उरलेली असताना त्यांचा उजवा कान गेला. दोन वर्षांत डावाही निघाला. आता त्या डाव्यात रुपयातले दोन आणे उरले असतील नसतील.

डबे वाजवणाऱ्याने बहिरं व्हावं, ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर टकटके स्वतःच खो खो हसले असते. पण घर चालायचं होतं, मुलगी कॉलेजात होती. ते गप्प राहिले. लोकांच्या ओठांवर नजर ठेवायला शिकले. चारचौघांत कमी बोलू लागले, तेव्हा लोक म्हणाले, वय झालं की माणूस गंभीर होतो.

बायकोला कळलंच. चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली, तिचं बूड लाल झालं, आणि हे हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. ती ओरडली नाही. किटली उतरवली, समोरची खुर्ची ओढून बसली, त्यांच्या हातातला पेपर खाली केला आणि ओठ नीट हलवत म्हणाली,

"कधीपासून?"

दुसऱ्या दिवसापासून या टेबलावर शाळा भरली. ती सात-आठ डबे मांडायची, त्यांत गोदामातून आणलेला एक बिघडका. टकटक्यांनी डोळे मिटायचे. उजव्या हातात काठी, डाव्या हाताची तीन बोटं डब्याच्या कडेवर. चांगला डबा बोटांत झिणझिण्या उठवतो. बिघडलेला बोटांशी बोलत नाही. त्यांनी बोटांनी सांगायचं, तिने कानांनी पडताळायचं. बरोबर असेल तर मनगटावर एक थाप, चूक असेल तर दोन. दोन महिन्यांत त्यांची बोटं तयार झाली आणि तिचे कान. "तुमच्याऐवजी मीच जाते उद्यापासून कामावर," ती म्हणायची, "तुम्ही भाजी चिरा. जरा बारीक चिरा मात्र."

ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं.

मुलगी आज सकाळी अचानक आली. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकूंनी तिला फोन केला होता. बाबा वाळलेत, दारावर थापा मारल्या तरी उघडत नाहीत, एकदा येऊन बघून जा. सात महिन्यांनी ती या घरात पाऊल टाकत होती, आणि आल्या आल्या चहासुद्धा न घेता तिने कपाटं उपसायला घेतली होती. काही माणसांना राग आला की ती घासतात, पुसतात. आईचाच गुण.

कपाटाच्या वरच्या फळीवर एकूण पाच डबे निघाले. मका, वाटाणे, टोमॅटोच्या रश्शातले मासे, सूप आणि सगळ्यांत मागे अननसाच्या चकत्या. टकटक्यांनी तिने खाली दिलेला प्रत्येक डबा पुसून टेबलावर रांगेत मांडला. ती स्टुलावरून उतरली. एक डबा उचलून तिने पालथा केला आणि तिथेच थबकली. बुडावर काळ्या शाईने लिहिलं होतं, 'बुध'. दुसऱ्यावर 'गुरु'. मग 'शुक्र', 'शनि'. अननसाच्या डब्यावर जरा तिरकं, 'घरी आल्यावर'.

"हे आईचं अक्षर आहे," ती म्हणाली.

टकटक्यांनी मान हलवली.

आईचं ऑपरेशन सोमवारी होतं. साधंच आहे, सगळे म्हणाले होते. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिने सात डबे आणून या टेबलावर ठेवले. दोघांनी मिळून ते वाजवले, सातही खणखणीत निघाले. मग तिने पालथे घालून एकेकाच्या बुडावर वार लिहिला. "एकटे आहात म्हणून चहा-पावावर दिवस काढू नका. रोज एक डबा उघडायचा. शनिवारपर्यंतचं बघून ठेवलंय, रविवारी मी येतेच. आणि अननसाला हात लावाल तर याद राखा. तो मी आल्यावर." सोमवारी टकटक्यांनी 'सोम' उघडला. मंगळवारी 'मंगळ'. बुधवारी पहाटे खालच्या काकू जिना चढून वर आल्या आणि त्यांच्या ओठांवरचे शब्द टकटक्यांनी वाचले.

"मग खाल्ले का नाहीत?" मुलीने विचारलं. तिचा राग थोडा पातळ झाला होता. "तिने एवढ्या मायेने ठेवले होते. आता ना खाता येत, ना टाकवत."

"एकट्याने उघडायचं नाही, असं ठरलं होतं आमचं."

मुलीला वाटलं, म्हाताऱ्याचा हळवेपणा. तिने डोळे पुसले आणि भांडी घासायला सिंककडे वळली. टकटक्यांना वाटलं, लेक इतक्या महिन्यांनी आलीय, काहीतरी चांगलं विचारावं. त्यांनी विचारलं,

"जावईबापूंना नाही आणलंस? बरे आहेत ना ते?"

मुलीचे हात थांबले. पाठ वळलेली तशीच राहिली. नळ सुरूच होता.

"एकदा टोमणा मारून पोट भरलं नाही वाटतं तुमचं?"

"हो हो," टकटके म्हणाले, "पाणी दुपारपर्यंत असतं."

नळाखाली एक वाटी कितीतरी वेळ भरून वाहत राहिली. मुलगी हळूच मागे वळून बघायला गेली आणि मध्येच थांबली. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मग नेहमीच्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाली,

"बाबा, घराला आग लागलीय."

टकटके अननसाच्या डब्याची कड बाहीने पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि समाधानाने रांगेत ठेवला.

मुलीने नळ बंद केला. ओल्या हातांनीच ती आली, समोरची खुर्ची ओढून बसली आणि त्यांची नजर आपल्या तोंडावर येईपर्यंत थांबली.

"कधीपासून?"

टकटके दचकले. तोच शब्द, तीच खुर्ची, ओठांची तीच ठेवण. इतक्या वर्षांनी कुणीतरी नेमकं हेच विचारलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं, रडूही आलं. त्यांनी सगळं सांगितलं. कान, गोदाम, बोटं, मनगटावरच्या थापा.

"मग फोनवर?" मुलीने विचारलं. "मी दर रविवारी फोन करायचे तेव्हा?"

"फोनवर तुझा आवाज येतो, चिऊ. शब्द येत नाहीत. आवाज चढला की मी 'छान' म्हणतो. उतरला की 'काळजी घे' म्हणतो. तुझी आई होती तेव्हा तीच सांगायची, तू काय म्हणालीस ते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने जे सांगितलं ते टकटक्यांना तिच्या ओठांवरून वाचावं लागलं, आणि ओठ थरथरत असल्यामुळे नीट वाचता येईना. "पुन्हा सांग," ते म्हणाले. बिचारीला ते दोनदा सांगावं लागलं.

सात महिन्यांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं. त्याच संध्याकाळी, रस्त्यावर बॅगा घेऊन उभी असताना, तिने बाबांना फोन केला होता. मी वेगळी झालेय, म्हणाली होती. तुमच्याकडे येऊन राहू का, विचारलं होतं. प्रश्न होता, म्हणून आवाज चढला होता. बाबा म्हणाले होते, "छान, छान. तिकडेच मजेत राहा दोघं."

टकटक्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"कुठे राहतेस मग?"

"एक खोली घेतलीय. कामाच्या जवळ."

"आणि जेवतेस काय?"

मुलीला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे पुन्हा भरले. "डब्यातलंच, बाबा. उघडायचं नि खायचं. न वाजवता."

टकटक्यांनी तिचा ओला हात धरला. माफी मागावी असं त्यांना फार वाटत होतं, पण एवढ्या मोठ्या चुकीला पुरेल असा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. त्यामुळे त्यांनी आपली दुसरी चूक सांगितली. ती आजवर फक्त बायकोला माहीत होती.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मासळीच्या डब्यांचा मोठा माल आला होता, तारीख जवळ आलेला. टकटके गोदामाबाहेरच्या माल चढवायच्या फलाटावरच बसून वाजवू लागले. एकेक डबा बोटांत झिणझिणत होता. इतका चांगला माल बऱ्याच दिवसांत हाताखालून गेला नव्हता. त्यांनी सगळी खोकी पास केली. सही करून मान वर केली तेव्हा दिसलं, की मागे मालाचा ट्रक उभा आहे, इंजिन चालू आहे आणि आख्खा फलाट थरथरतो आहे. दुसरा कुणीही असता तर पहिल्या डब्याआधीच ओरडला असता, "अरे, गाडी बंद कर!" त्यांना ती गाडी ऐकूच आली नव्हती. बोटांत थरथरत होतं ते इंजिन, डबे नव्हेत.

"मग? पुन्हा वाजवायचे ना," मुलगी म्हणाली.

"तर! पण पुन्हा का, म्हणून विचारलं असतं. काय सांगितलं असतं मी?"

माल गेला. आठवड्याने एका कामगार वसतिगृहात अकरा माणसं आजारी पडली. कुणी दगावलं नाही, पण एक म्हातारा पहारेकरी तीन आठवडे दवाखान्यात होता. चौकशी झाली. डब्यांवर टकटक्यांचा शिक्का होता, आणि टकटक्यांचा कान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे डब्यांवर कुणी संशयच घेतला नाही. स्वयंपाकघर घाण ठेवलं म्हणून तिथल्या स्वयंपाक्याला काढून टाकलं.

"मी त्याच्या दारापर्यंत गेलो होतो, चिऊ. तीनदा. त्याची बायको बाहेर कपडे वाळत घालत होती. मी पत्ता चुकल्यासारखं करून परत आलो."

त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. दोन वर्षं आधीच नोकरी सोडली. आणि घरात नियम झाला. दोघांचं एकमत झाल्याशिवाय एकही डबा उघडायचा नाही. तिचे कान आणि यांची बोटं. एकाने जरी नाही म्हटलं तरी डबा बाद. त्या रविवारी दोघांनी मिळून सातही डबे पास केले होते, पण तो निकाल त्या आठवड्यापुरता होता. डबा रोज थोडा थोडा म्हातारा होतो. महिना गेला, दोन गेले, पुन्हा वाजवायला हवेत हे टकटक्यांना कळत होतं, आणि ऐकणारं माणूस घरात नव्हतं. नुसत्या बोटांवर विश्वास ठेवायची त्यांची हिंमत नव्हती. तिने ठेवलेलं अन्न डोळ्यांसमोर होतं, ते खाता येईना, टाकवेना. रोज सकाळी ते कपाट उघडून बघत आणि लावून घेत.

मुलीने नाक पुसलं. उठून काळ्या पिशवीला गाठ मारून ती कोपऱ्यात ठेवली.

"मी ऐकते," ती म्हणाली. "काठी कुठाय?"

काठी टेबलाच्या खणातच होती, आणि तिच्या शेजारी लाल मेणखडू. टकटक्यांनी टेबलावर तळहात टेकवला आणि क्षणभर थांबले.

"आधी फ्रिज बंद कर."

तिने फ्रिज बंद केला. त्यांनी पुन्हा तळहात टेकवला. टेबल आता अगदी गप्प होतं.

आधी त्यांनी तिला शिकवलं. डाळीचा बंद डबा आणि दाबून भरलेली पिठाची बरणी शेजारी ठेवून दोन्ही वाजवून दाखवलं. "एक देवळातल्या घंटेचं पोर, आणि एक उशी. एवढंच ओळखायचं. डोळे मीट. विचार करू नकोस, विचार केला की कान खोटं बोलतो." सुरुवातीला तिला सगळंच सारखं वाटत होतं. मग हळूहळू उमजायला लागलं. दहाव्या-बाराव्या टोल्याला तिने डोळे उघडले नाहीत, नुसता हात पुढे करून त्यांच्या मनगटावर एक थाप मारली. टकटक्यांना ती थाप कशी सोसली, त्यांचं त्यांना ठाऊक.

आई मारायची ती थाप तिला कुणी शिकवली नव्हती. टकटक्यांनी नुसती सांगितली होती, तेही ओझरतं.

मग खरे डबे. 'बुध'. टकटक्यांनी तीन बोटं कडेवर ठेवली आणि टोला दिला. बोटांत बारीक मुंग्या उठल्या. मुलीने मनगटावर एक थाप दिली. एकमत. 'गुरु', एकमत. 'शुक्र'चे मासे होते, म्हणून टकटक्यांनी तीनदा वाजवून घेतला, बोटं बदलून पाहिलं, डबा फिरवून पाहिलं. तिन्ही वेळा थाप एकच आली. 'शनि' तर इतका खणखणीत वाजला म्हणे, की मुलगी डोळे मिटूनच हसली. टकटक्यांचा जीव भांड्यात पडला. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

राहिला अननस.

त्यांनी तो जवळ ओढला. लेबलावर पिवळ्या चकत्यांचं चित्र होतं. बोटं ठेवली, टोला दिला. वाट पाहिली. पुन्हा दिला.

मनगटावर थाप आली नाही. टकटक्यांनी मान वर केली. मुलगी डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्यांची नजर भिडताच तिने घाईने एक थाप मारली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "छान वाजतोय, बाबा."

"नीट ऐक." त्यांनी तिसरा टोला दिला.

"चांगलाच आहे. हा आज उघडायचाच नाही. नुसता ठेवू या. आईचा म्हणून."

टकटक्यांची बोटं अजून कडेवर होती. डबा त्यांच्याशी बोलला नव्हता. पहिल्याच टोल्याला त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मनातल्या मनात देवाला विनवलं होतं, की निदान या वेळी माझी बोटं चुकू देत. झाकण मधोमध किंचित वर आलं होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, अंगठ्याला लागेल इतकंच.

"चिऊ," ते म्हणाले, "बद्द वाजला ना?"

मुलीने खाली बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

"दया माणसांवर करायची, बाळ. डब्यावर नाही. मी एकदा खोटा शिक्का मारलाय. तू नको मारूस."

"तिने तुमच्या एकट्यासाठी नव्हता ठेवला तो. दोघांसाठी ठेवला होता."

"म्हणून तर." त्यांचा आवाज फाटला, आणि ते त्यांना कळलंही नाही. "म्हणून तर तो खराब असताना चांगला म्हणवत नाही."

त्यांनी लाल मेणखडू घेतला. गोदामाचा नियम होता, बाद डब्यावर दोन्ही बाजूंना फुली मारायची. नुसता फेकला तर कुणी भुकेलं माणूस कचऱ्यातून उचलेल, चांगला समजून खाईल. त्यांनी झाकणावर एक मोठी फुली मारली. डबा पालथा केला. 'घरी आल्यावर'.

खडू तिथेच थांबला.

"एका बाजूला पुरे, बाबा," मुलगी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं, तेव्हा तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तेच पुन्हा म्हणाली. "एक पुरे."

"नियम दोन्हीकडे आहे."

त्यांनी फुली मारली. हात थरथरला नाही, बत्तीस वर्षांची सवय होती. पण रेघ मारून झाल्यावर खडू खाली ठेवायचं त्यांना सुचेना. ते तसेच बसून राहिले आणि मग लहान मुलासारखे रडले. आपण किती मोठ्याने रडतो आहोत ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मुलगी ऐकत होती. तिने त्यांना रडू दिलं.

डबा तिनेच जुन्या कागदात गुंडाळून दाराबाहेर ठेवला. परत येऊन ती समोर बसली.

"बाबा, इकडे बघा. मी इथे राहायला येऊ का?"

टकटक्यांनी लगेच मान हलवली नाही. ते पुढे वाकले, चष्मा नीट केला.

"पुन्हा सांग. सावकाश. या वेळी मला चुकायचं नाहीये."

तिने सावकाश पुन्हा विचारलं. "ये," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण आज प्रश्न आणि उत्तर एकमेकांना धरून होते.

मग त्यांनी 'बुध' उघडला. मुलीने मका कोमट केला, मीठ घातलं, दोन ताटल्यांत वाढला. टकटक्यांनी पहिला घास घेतला आणि खूप वेळ चावत राहिले. दाणे थोडे मऊ पडले होते.

"बरा आहे?" तिने विचारलं.

"तिने निवडला होता," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

जेवण झाल्यावर मुलीने रिकामा डबा विसळून कचऱ्यात टाकला. टकटक्यांनी अडवलं नाही. उरलेले तीन डबे त्यांनी उचलले आणि वारांप्रमाणे रांगेत फळीवर लावले. कपाटाचं दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"उद्या गुरुवार," ते म्हणाले.

उद्या सोमवार होता. मुलीला सकाळी लवकर उठून खोली रिकामी करायला जायचं होतं. ती हात पुसत त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली,

"हो, बाबा. उद्या गुरुवार."